भात घरात येईपर्यंतची सायकल

रस्त्यावर भात पसरलं की गाडीवाले हॉर्न मारतात. त्यांना वाटतं, रस्ता गाड्यांचा. आमच्याकडच्या बायकांना वाटतं, एवढं डांबर दुपारी तव्यासारखं तापतं, ते फुकट का घालवायचं? या दोन मतांच्या मधोमध मी सायकलवरून उतरून उभी असते. आज सकाळीही उभी होते. अर्ध्या रस्त्यावर भात, भाताच्या कडेला ओळीनं मांडलेले दगड, उरलेल्या पट्टीतून औद्योगिक वसाहतीतली पहिली पाळी घेऊन रांगत चाललेली बस, आणि वर तो ओल्या पेंढ्याचा वास. वर्षभर हा वास कुठेच नसतो. दिवाळीच्या अलीकडे-पलीकडे तो कपड्यांत, केसांत, डब्यातल्या भाकरीतही असतो.

हा वास आला की मला तबस्सुमचं मनगट आठवतं.

तबस्सुम महाडची, मी पोलादपूरची. कॉलेजात एका बाकावर बसलो तेव्हापासून आमचं जे सुरू झालं, त्याला मैत्री म्हणतात. आई त्याला भटकणं म्हणते. तबस्सुमचे वडील आखातात ट्रेलर चालवायचे. ते कायमचे परत आले तेव्हा घरात सगळ्यांसाठी काही ना काही आणलं, आणि हिला विचारलं, तुला काय हवं? हिनं माउंटन बाइक मागितली. जाड टायरची, पुढे हादरे झेलणारा शॉक असलेली. त्यांना वाटलं, पोरगी दोन महिने चालवेल आणि मग ती गॅलरीत कपडे वाळत घालायला होईल. तसं झालं नाही. मीही पगारातून तसलीच एक घेतली, आणि मग आम्ही दोघी डोंगरात दिसेनाशा व्हायला लागलो.

मी वाड्यांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या एका छोट्या गटात आहे. काम म्हणजे पत्रक लिहायचं, छापायचं, वाटायचं, निवेदन द्यायचं, वाट बघायची, आणि पुन्हा नवं पत्रक लिहायचं. या सवयीमुळे मी जेवतानाही मागण्या करते, असं आईचं म्हणणं. असू दे. मागितल्याशिवाय या तालुक्यात काय मिळालंय? पण पत्रकं वाड्यांवर पोहोचवायला वाट लागते, आणि वाट म्हणजे गुरांनी पाडलेली, पावसानं धुतलेली, मुळांनी आणि दगडांनी भरलेली. तिथं त्या जाड टायरांनी आम्हाला नेलं. वरंध घाटाच्या अंगानं वर चढायचं, नाचणीच्या पट्ट्यांच्या कडेनं जायचं, ओहोळ आला की सायकल खांद्यावर. उतारावर सीटवरून मागं सरकायचं, पोट सीटला टेकवायचं आणि ब्रेक हळूहळू सोडायचे. शॉक कुईकुई करायचा. पाठीमागून तबस्सुम ओरडायची, "डावीकडे धर! डावीकडे! अगं, ती म्हैस आहे!" मी जाड टायरांवर प्रेम केलं ते त्या वाटांमुळे. जिथं सरकार पोहोचत नाही तिथं मी पोहोचते, याची मस्ती होती त्यात. ती मला अजूनही वाईट वाटत नाही.

तबस्सुम पडली ती गेल्या वर्षी, भाताला लोंब्या धरत असताना. शेवाळलेला दगड, पुढचं चाक सरकलं, हिनं उजवा हात टेकला. मी पुढे होते. मला फक्त एक "आई गं" ऐकू आलं, तेही अगदी साधं, ठेच लागल्यासारखं. मागे वळून बघितलं तर ती चिखलात बसून स्वतःच्या मनगटाकडे असं बघत होती, जसं ते दुसऱ्या कुणाचं आहे.

प्लास्टर बसलं, प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, पण दगडधोंड्यांतले हादरे आता नकोत. विसरा. चालवायचीच असेल तर सरळ डांबरी रस्त्यावर, हातावर भार न देता. तिच्या वडिलांनी एवढं सगळं ऐकून त्यातला फक्त "विसरा" हा शब्द घरी आणला.

"सायकल विकायची," चाचा म्हणाले. तबस्सुमच्या वडिलांना मी चाचा म्हणते. ते मला लीडर म्हणतात, आणि त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला आजवर कळलेलं नाही.

"डॉक्टर रस्त्यावर चालवा म्हणाले, अब्बा."

"डॉक्टरला पोरगी नाही. मला आहे."

तबस्सुम भांडली नाही. तिचं हेच मला जमत नाही. मी असते तर दारात उपोषणाला बसले असते. ती त्या रात्री जेवली, भांडी विसळली, आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "रोड बाइक घ्यायची. तू अब्बांशी बोल. तुला निवेदनं द्यायची सवय आहे."

"रोड बाइक?" मी म्हणाले. "ती काटकुळी? ती घाटात येतात ना, पुण्याची माणसं, काळे चष्मे लावून, कुणाला ओ देत नाहीत, चहाच्या टपरीवर सायकल भिंतीला टेकवताना रुमाल मध्ये घालतात? ती?"

"हो. ती."

"त्यांना रस्ता फक्त उतार आणि चढ म्हणून माहीत असतो. रस्त्याच्या कडेला माणसं राहतात हे त्यांना माहीत नसतं."

"मग आपण माहीत करून घेऊ," ती म्हणाली. "तू मला सांग, मी चालवू की नको? भाषण नको. हो की नाही?"

ती डाव्या हातानं उजवं मनगट चोळत होती. सायकल गेली तर तिच्या दिवसात काय उरतं, हे मला ठाऊक होतं. एका दुकानाचे हिशेब, घर, आणि पाहायला येणारी स्थळं. त्या आठवड्याभराच्या मधोमध एक सकाळ तिची स्वतःची होती. मी चाचांकडे गेले. छापील काही नेलं नाही.

आखातातून आल्यावर चाचांनी भाड्यानं चालवायला टेम्पो घेतला होता; तो कांदे आणायला पुण्याकडे जाणार होता. पावसात बंद झालेला वरंध घाट नुकताच खुला झाला होता. ते आम्हाला म्हणाले, "बसा. नुसती बघायला जायचं. घ्यायची बात नाही." आमच्या जुन्या दोन्ही सायकली त्यांनी स्वतःच मागे चढवून दोरीनं बांधल्या. नुसत्या बघायला जाणारा माणूस सायकली का चढवतो, हे आम्ही विचारलं नाही.

पुण्यातलं ते दुकान मला पहिल्या पावलाला आवडलं नाही. एसी, काच, आणि भिंतीवर लटकवलेल्या सायकली. आमच्याकडे लटकवतात ते कणसांचे जुडगे. तबस्सुम मात्र लाल रंगाच्या एका सायकलीपाशी जाऊन थांबली ती थांबलीच. हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं, टायर बोटाएवढे, उचलली तर हातात काही आल्यासारखंही वाटेना. दुकानातल्या पोऱ्यानं ती एका स्टँडवर लावली. तबस्सुम चढली, पुढे वाकली, आणि हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

मग तिनं उजवा हात हँडलवरून काढून मांडीवर ठेवला. अगदी सहज काढल्यासारखा.

चाचांनी पाहिलं. मीही पाहिलं. दुकानातल्या मुलानंही पाहिलं, कारण तो म्हणाला, "ताई, हात दुखतोय का?"

"नाही. जमतंय."

"ही नको तुम्हाला. हिच्यात सगळं अंग हातावर येतं. शर्यतीची आहे ती."

"मला हीच आवडली."

"आवडते हो सगळ्यांना," तो म्हणाला आणि आत गेला. बाहेर आला तो एक शेवाळी रंगाची, कुणी वळूनही बघणार नाही अशी सायकल घेऊन. हँडल तसंच वळलेलं, पण उंच आणि जवळ. टायर रोडचेच, जरा भरलेले. मागच्या चाकावर दात्यांची सगळ्यात मोठी चकती जवळजवळ ताटलीएवढी. चढावर पाय फिरत राहावा म्हणून. "घाटात राहता ना? मग हीच," तो म्हणाला. तबस्सुम त्या लाल सायकलीकडे बघत बघत या सायकलीवर बसली. हात ठेवले. कोपरं आपोआप सैल झाली. या वेळी हात कुठे गेला नाही.

मला स्वतःसाठी काहीच घ्यायचं नव्हतं. मी सोबतीला गेले होते, आणि माझी जाड टायरची बाहेर टेम्पोत होती. पण पोऱ्यानं तिला दुकानापुढच्या गल्लीत एक फेरी मारायला लावली, आणि ती पेडल मारता मारता एवढी लांब गेली, एवढ्या लवकर, आवाज न करता, की मला एकदम समजलं. मी जाड टायरांवर राहिले तर आयुष्यभर हिची पाठ बघणार. किंवा ती माझ्यासाठी थांबून थांबून कंटाळणार. मी कोपऱ्यातली एक जुनी निळी दाखवली. कुणी परदेशी जाताना विकलेली. टायर सगळ्यात बारीक. पोऱ्या म्हणाला, जरा जाड बसवून देतो. मी म्हणाले, नको, व्हायचंच रोडवाली तर पुरती होते. हा माझा स्वभाव. पुढे महिनाभर मी रस्त्याच्या कडेला पंक्चर काढत बसले ती याच वाक्यामुळे.

जुन्या सायकली बदल्यात दिल्या. माझ्या सायकलीच्या पेडलच्या खाचेत अजून वाडीची लाल माती होती. ती मी नखानं काढली नाही. राहू दे म्हटलं. पुण्यातल्या कुणाला तरी मिळेल.

परत येताना कांद्यांच्या पोत्यांवर आमच्या सायकली आडव्या, आणि घाट उतरताना चाचांनी अट सांगितली. "भात घरात येईपर्यंत बघतो मी. सीझनभर माझा टेम्पो याच रस्त्यांवर असणार. हात एकदा जरी सुजला ना, एकदा, तर सायकल याच टेम्पोतून परत. कळलं ना, लीडर?"

"हे एकतर्फी आहे, चाचा."

"मग मोर्चा काढ."

पहिले दिवस चाचा टेम्पो घेऊन आमच्या मागेच यायचे. चारही इंडिकेटर लुकलुकत, आमच्याच वेगानं. नाते गावच्या रस्त्यावर आमच्या मागे टेम्पो, टेम्पोमागे वसाहतीच्या दोन बसेस, बसमागे मोटरसायकली. खिडकीतून एक जण ओरडला, "वरात कोणाची हाय?" चाचांनी मान बाहेर काढून सांगितलं, "माझ्या पोरीची! घाई असेल तर घाटातनं जा!" तबस्सुम लाजेनं खाली बघत पेडल मारत होती. मी एवढी हसले की साईडपट्टीवर गेले.

साईडपट्टी! त्यावर लिहायचं तर वेगळं पत्रक लागेल. डांबर संपतं तिथं आमच्याकडे रस्ता एकदम वीतभर खाली पडतो. जाड टायरवर असताना ते कधी लक्षातही आलं नव्हतं. इतकी वर्षं रस्ते मागत होते, निवेदनात रुंदी लिहीत होते, आणि रस्त्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. बारीक टायर पाहायला लावतो. कुठं डांबराला डांबर जोडलंय, कुठं खडी सुटलीय, कुठं गतिरोधक रंगवायचा राहिलाय, कुठल्या मोरीवर पाणी साचून शेवाळ धरतंय, सगळं मांड्यांतून कळतं. पण त्यासोबत दुसरंही कळायला लागलं. गुळगुळीत पट्टी आली की टायरचा आवाज बदलतो, सुपानं धान्य पाखडल्यासारखा बारीक होतो. गांधारी नदीच्या कडेनं सकाळचं धुकं अंगावरून जातं, आणि आपण पाय मारतोय हे विसरायला होतं. डोंगरात आम्ही एकामागे एक असायचो, ओरडून बोलायचो. रस्ता रिकामा असला की शेजारी शेजारी. मला तबस्सुमचा एवढा वेळ चेहरा दिसतच नव्हता कधी.

वरच्या वाडीच्या रस्त्याला आम्ही मुद्दाम उशिरा गेलो. तो रस्ता आमचा होता. आमच्या पत्रकांचा. आजारी माणूस डोलीत घालून उतरवावा लागतो, बाळंतिणीला चालत यावं लागतं, हे मी इतक्यांदा लिहिलं होतं की छापणारा म्हणायचा, ताई, जुनीच प्लेट लावू का? शेवटी रस्ता झाला, आमच्या जुन्या पाऊलवाटेवरूनच. नवं कोरं डांबर. मी तबस्सुमला म्हणाले, "आता बघ, एकदाही उतरायचं नाही. सरळ वर."

पहिल्या वळणाला उतरावं लागलं. रस्ताभर भात. अर्ध्या रस्त्यावर नव्हे, अख्ख्या. वाडीत गाडीच येत नव्हती कुणाची, मग अर्धा कुणासाठी सोडायचा? एका बाजूला पेंढ्याची उडवी, मध्ये सोनेरी भात, त्यावर कोंबड्या, आणि कोंबड्यांवर ओरडणारी पारूकाकी. पारूकाकी म्हणजे आमच्या प्रत्येक निवेदनावर पहिला अंगठा. आता सही करते.

"काकी, हे काय? रस्ता ॲम्ब्युलन्ससाठी मागितला आपण!"

"हां मग? आली की उचलू. तिला काय आजच यायचं हाय?"

"पण सगळाच रस्ता?"

"अगो, तुजा रस्ता येवडा चांगला हाय," काकी म्हणाली, "दोन उन्हांत भात वाजायला लागलं. आंगणात चार दिस जायचे. लई चांगला मागितलास." मग तिची नजर सायकलींकडे गेली. "आनि ह्या काय आनल्यात? पयल्या बऱ्या होत्या. ह्या काय, उपाशी हायत?"

मी रागावून काही बोलणार होते, पण कोणत्या मुद्द्यावर रागवायचं तेच सापडेना. काकी पुढे म्हणाली, "उभ्या काय ऱ्हायलाव? सायकली लावा तितं. भातातनं जायचं तर पाय फिरवत जा. नुसतं तुडवत जायचं नाय."

आमच्याकडची ही रीत. वाळत घातलेल्या भातातून कुणालाही जावं लागलं, पाहुणा असो की पोस्टमन, तर चपला काढून, पाय न उचलता, घसटत जायचं. पावलामागे चर पडतो, खालचं ओलं वर येतं, मालकिणीची एक खेप वाचते. आम्ही बूट काढले. वरचं भात गरम आणि खालचं गार. बोटांच्या फटींत टोकं टोचतात. शेजारी शेजारी, चर पाडत, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, आणि काकी मागून, "सरळ गो, सरळ! नांगर धरलाय का नाचताय?" तबस्सुम हसत होती. आणि मग परतताना, काकी पाटी भरून उचलायला गेली तेव्हा, तबस्सुमनं सवयीनं पुढे होऊन दुसरी कड धरली. उजव्या हातानं.

संध्याकाळी मनगट सुजलं.

तिनं लपवलं नाही. खरं सांगितलं, की पाटी उचलली. चाचांनी ऐकलं आणि टेम्पोचं मागचं फाळकं उघडलं. मी तिथं होते. मी अटी, न्याय, पुरावा, सगळं बोलले. ते म्हणाले, "लीडर, सायकलची की पाटीची, हे सूज सांगत नाही." सायकल टेम्पोत चढली. तबस्सुम दारात उभी, दुखरा हात ओढणीत गुंडाळलेला. पुण्याची फेरी दोन दिवसांनी होती. ते दोन दिवस ती शेवाळी सायकल टेम्पोत, लोकांच्या भाताच्या पोत्यांसोबत, गिरणीला जात-येत राहिली.

त्यातल्या दुसऱ्या दिवशी टेम्पो वरच्या वाडीत भात भरायला गेला. पुढचं मला चाचांनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं. पारूकाकीनं पोत्यांआडची सायकल पाहिली. का म्हणून विचारलं. ऐकलं. आणि कमरेवर हात ठेवून रस्त्यात उभी राहिली.

"पाटी माजी व्हती. मग मला घाल टेम्पोत नि ने पुन्याला."

"काकी, पोरीचा हात..."

"हात हाय म्हनून तर उचलली! लुळा असता तर उचलली असती? पोर इतं येती, माज्याशी बोलती, पाय फिरवून जाती. तुज्यानं व्हतंय का? काड बूट."

चाचांनी बूट काढले. आखातात आयुष्य घालवलेला माणूस, पँट वर करून, वाडीच्या रस्त्यावर भातात पाय फिरवत गेला आणि आला. मग पोती भरली. संध्याकाळी सायकल दारात उतरवताना ते तबस्सुमला एवढंच म्हणाले, "पाटी उचलायची नाही. बाकी अट तीच." म्हणजे भात घरात येईपर्यंत.

त्यानंतरच्या सकाळी मी मोजल्या नाहीत, पण प्रत्येक सकाळी मी तिचा हात बघायचे. चहा पिताना ती कप कुठल्या हातात धरते. कुलूप कशानं उघडते. ब्रेक दाबताना ओठ आवळते का. ती म्हणायची, "तू माझ्याकडे निवेदन वाचल्यासारखी बघतेस." चाचाही बघायचे, पण लांबून. हळूहळू खाचरं मोकळी झाली, रस्त्याच्या कडेचे दगड बाजूला झाले, वाड्यांतल्या कणग्या भरल्या. टेम्पोच्या खेपा कमी झाल्या. आम्हाला तिघांनाही माहीत होतं की सीझन संपत आलाय.

शेवटची खेप गिरणीला गेली त्या सकाळी आम्ही भोरच्या फाट्यावरून वळलो आणि वरंधच्या दिशेनं चढायला लागलो. थंडी होती. मी बोलत होते, कुठल्याशा नव्या पत्रकाबद्दल, आणि बोलता बोलता दम लागला. माझ्या सायकलीला तिच्यासारखी ताटलीएवढी चकती नव्हती. घेतली नव्हती मी. पाय जड झाले, सायकल डुलायला लागली, आता उतरावं लागणार असं वाटलं. तेवढ्यात पाठीवर, खांद्यांच्या मधोमध, एक हात टेकला. आणि सायकल हलकी झाली.

तबस्सुम माझ्या उजवीकडे होती. एका हातानं मला ढकलत होती. मी मान तिरकी करून बघितलं. माझ्या पाठीवर डावा हात होता.

म्हणजे चढावर, एकटाच, हँडलवर उजवा होता. कोपर सैल. ओठ आवळलेले नव्हते. तिला स्वतःला ते कळलेलंही नसावं, कारण ती समोर बघत म्हणत होती, "बोल की. थांबलीस का? पत्रकाचं काय म्हणत होतीस?"

पायांत जोर परत आला होता, तरी पुढच्या वळणापर्यंत मी मुद्दाम हळूच पेडल मारले.